गळ्याखालचं हाड जुळून राहिलंय, वावर 6 किलोमीटर: गाडी काढू की थांबू?

धुऱ्यावरचा | सोमवार, रात्री 9:40

राजेहो, सल्ला पाहिजे. थोडी लांबण लागेल, माफ करा. कोजागिरीचं दूध आटेपर्यंत लिहून टाकतो.

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी पांदणीत पडलो. गाडी स्प्लेंडर, वेग वीसच्या आतबाहेर. रात्री पाऊस येऊन गेला होता. काळी माती मडगार्डात अशी गच्च बसली की पुढचं चाक फिरायचंच थांबलं. चाक फिरत नाही म्हणजे गाडी नाही, ती पाटी झाली. डाव्या खांद्यावर आपटलो. कॉलर बोन मधोमध मोडलं. यवतमाळला फोटो काढला. ऑपरेशनची गरज नाही म्हणाले, झोळी बांधली, सहा आठवडे सांगितले.

परवा दाखवायला गेलो. डॉक्टरांनी फोटो उजेडात धरला, "जुळायला लागलंय, झोळी काढा, हलकं काम करा" म्हणाले. मी विचारलं, गाडी चालवू का? तोपर्यंत पुढचा पेशंट आत आला होता. "जपून" म्हणाले. आता जपून म्हणजे हो की नाही?

घरची गत अशी. सोयाबीन सोंगायला आलंय. दारव्ह्यापासून आत आमचं गाव, गावापासून वावर 6 किलोमीटर, त्यातले 4 डांबरी आणि 2 पांदण. पोरगा पुण्याला शिकतो. बायको गाडी चालवत नाही. रोज उठून शेजाऱ्याला "भाऊ, सोडून दे ना" म्हणायची लाज वाटते.

हाताचं सांगतो. खांद्याच्या उंचीपर्यंत उचलतो, त्यावर नेला की कळ येते. चहाचा कप धरतो, भरलेली बादली नाही. डाव्या कुशीवर झोपता येत नाही. गाडी स्टँडवर लावून क्लच दाबून पाहिला, आरामात दबते.

बैताड_पोट्टा | सोमवार, रात्री 9:52

क्लच दबते तं गेले ना भाऊ काम. कोजागिरीचं दूध प्या अन् सकाळी हाणा गाडी.

तिवसेकर | सोमवार, रात्री 10:05

माझं स्पष्ट मत, काढा. मी चौथ्या आठवड्यात काढली होती. माझंही हेच हाड, फक्त उजवं. माणूस घरात बसला की जास्त आजारी पडतो. हळूहळू चालवा, वीसच्या वर जाऊ नका.

काळी_माती | सोमवार, रात्री 10:11

@तिवसेकर ते वीसवरच पडले होते, दुसरा परिच्छेद वाचा.

तिवसेकर | सोमवार, रात्री 10:14

वाचला. चिखल होता म्हणून पडले. आता वाळलंय.

पऱ्हाटी_पाटील | सोमवार, रात्री 10:48

माझ्या थोरल्या भावाची गोष्ट सांगतो, मग तुम्ही ठरवा.

त्याचंही कॉलर बोन. त्याला प्लेट टाकली होती, म्हणजे तुमच्यापेक्षा मजबूत काम. प्लेट आहे म्हणून सातव्या आठवड्यात गडी निवांत गाडीवर. तीन दिवस काही झालं नाही. चौथ्या दिवशी संध्याकाळी तूर पाहून परत येत होता, गावाजवळच्या नाल्याच्या उतारावर रोही आडवा आला. रोह्याला धडकला नाही, पडलासुद्धा नाही. फक्त कचकन ब्रेक मारला आणि सगळं अंग हँडलवर आलं. कडकन आवाज त्याला स्वतःला ऐकू आला. प्लेट वाकली.

परत ऑपरेशन, कमरेचं हाड काढून तिथं लावलं. त्या साली कापसाचा पहिला वेचा ते शेवटची फरदड, सगळं माझ्या अंगावर. तो खाटेवर बसून मला फोनवर सांगायचा, मजुरांना पाणी दिलं का. मी फोन आदळायचो.

तो आजही म्हणतो, मी पडलो नव्हतो. बरोबर आहे त्याचं, पडलाच नव्हता.

सदाशिवपेठी | सोमवार, रात्री 10:55

रोही म्हणजे? आणि फरदड?

बैताड_पोट्टा | सोमवार, रात्री 10:57

रोही म्हणजे नीलगाय. तुमच्याकडं प्राणिसंग्रहालयात असते, आमच्याकडं हरभऱ्यात. फरदड म्हणजे हंगाम संपल्यावर त्याच झाडांवर परत घेतलेला कापूस.

मेहकरची_माहेरवाशीण | सोमवार, रात्री 11:20

भाऊ, एक विचारू? वहिनी गाडी चालवत नाहीत असं एका ओळीत लिहून पुढे गेलात. का चालवत नाहीत?

धुऱ्यावरचा | मंगळवार, सकाळी 6:32

@मेहकरची_माहेरवाशीण कधी शिकलीच नाही. गरज पडली नाही.

@पऱ्हाटी_पाटील तुमची गोष्ट वाचून रात्री झोप आली नाही. तशीही डाव्या कुशीवर येत नाहीच.

मेहकरची_माहेरवाशीण | मंगळवार, सकाळी 7:15

गरज आता पडली ना.

हाडाची_ताई | मंगळवार, दुपारी 1:40

मी फिजिओथेरपिस्ट, वर्ध्याला असते. फोटो आणि हात पाहिल्याशिवाय मी हो-नाही सांगणार नाही, पण दादांनी जी परीक्षा घेतली ती चुकीच्या विषयाची आहे, तेवढं सांगते.

क्लच दाबायला बोटं आणि मनगट लागतं. ते तुमचं मोडलेलंच नाही, दबणारच. कॉलर बोनचं काम वेगळं. हाताचा सांगाडा धडाला हाडानं जोडलेला आहे तो फक्त याच ठिकाणी, बाकी सगळे स्नायू. ब्रेक मारला की अंग पुढे फेकलं जातं, आपण तळवे हँडलवर रोवतो, आणि तो सगळा जोर कोपरातून, खांद्यातून थेट या हाडावर येतो. पाटील भाऊंच्या थोरल्या भावाचं नेमकं हेच झालं. त्यामुळे गाडीवर बसता येतं का, हे विचारून काही कळणार नाही. रोही आडवा आल्यावर काय होईल, ते विचारा.

मोठ्या माणसाचं हे हाड जुळायला साधारण 6 ते 12 आठवडे लागतात. "जुळायला लागलंय" म्हणजे भोवती नवं हाड धरू लागलंय. कुडाला लिंपण केलंय, पण वाळलेलं नाही. रोजच्या वापराला भिंत उभी दिसते, बैलानं अंग घासलं की कळतं.

घरी करून पाहता येण्यासारखं सांगते. गाडीचं इंजिन बंद ठेवा.

भिंतीपासून हातभर लांब उभे राहा, दोन्ही तळवे टेकवा, दंड मारतो तसे भिंतीवर वीस दंड मारा. घाई नको. कळ आली की तिथंच थांबा, आकडा लक्षात ठेवा. मग डाव्या हातानं पाच लिटरचा डबा उचलून अंगणात चक्कर मारा. मग गाडी मेन स्टँडवरून खाली घ्या, दोन पावलं मागं ढकला, परत स्टँडवर चढवा. हे तिसरं लोक विसरतात. स्प्लेंडर 112 किलोची आहे. चालवताना ती इंजिन ओढतं, पण ढकलताना, चिखलातून काढताना, पडता-पडता सावरताना ती तुमच्या खांद्यावर असते. यातलं एकही दुखत असेल तर पांदणीचा विषय बंद. सगळं जमलं तर मला नाही, डॉक्टरांना विचारा, आणि असं विचारा: "मला अचानक जोरात ब्रेक मारावा लागला तर चालेल का?" याचं उत्तर त्यांना "जपून" असं देताच येणार नाही.

दुखण्याच्या गोळ्यांत ट्रामाडोल किंवा प्रेगाबालिन असेल तर गुंगी येते. ती गोळी घेतली असेल त्या दिवशी गाडी नको, हात कितीही बरा असो.

आणि उलट टोकाचंही सांगते. तिवसेकर काका म्हणतात त्यात अर्धं खरं आहे. हात पोटाशी धरून बसलात तर खांदा आखडतो, आणि तो सोडवायला हाडापेक्षा जास्त महिने जातात. वाकून हात मोटेसारखा लोंबता सोडा आणि गोल फिरवा, बोटं भिंतीवर मुंगीसारखी वर चढवा, दिवसातून तीन-चार वेळा. हात चालवा, गाडी नको.

शेवटचं, तंबाखूचा खर्रा खाता का?

धुऱ्यावरचा | मंगळवार, दुपारी 2:05

ताई, बाकी सगळं लिहून घेतलं. शेवटचा प्रश्न दिसला नाही, इथं नेटवर्क कमी आहे.

बैताड_पोट्टा | मंगळवार, दुपारी 2:09

😂😂 सापडला बुढा

हाडाची_ताई | मंगळवार, दुपारी 2:30

विडी-सिगारेटनं हाड जुळायला उशीर लागतो हे पक्कं आहे. खर्ऱ्यातही निकोटीनच असतं. सोयाबीन निघेपर्यंत तरी सोडा.

वावरवाला_आर्णी | मंगळवार, संध्याकाळी 7:18

ताईचं सारं बरोबर हाय, पण ताई पगारावर हाय, राग मानू नका. सोयाबीन सोंगाले आलं अन् चार दिवस लांबलं तं शेंगा फुटते, दाने खाली. वरून पाऊस आला तं गंजीतच कोंब फुटते. ताई बारा आठवडे म्हनते, शेंग बारा दिवस नाई थांबत. तुमी सांगा, मानसानं हाड पाहावं का दाना?

माहा टोंगळा मोडला होता, वाटी फुटली होती. मी पलास्टर घालून बंडीत बसून वावरात जात होतो. गाडी नाई चालवली, पन गेलो रोज. धुऱ्यावर खाट टाकून बसाचं अन् वरडाचं. त्या साली मजुराईनं जेवढं काम केलं तेवढं कधीच नाई केलं.

सदाशिवपेठी | मंगळवार, संध्याकाळी 7:25

टोंगळा?

काळी_माती | मंगळवार, संध्याकाळी 7:26

गुडघा. आता एक वही घाला, दादा.

सदाशिवपेठी | मंगळवार, संध्याकाळी 7:31

वही नाही, एक्सेल शीट केली आहे. रोही, फरदड, टोंगळा. पांदण मला येत होतं.

गुरुजी_नेरपिंगळाई | मंगळवार, रात्री 8:50

कायद्याची बाजू कोणी मांडली नाही म्हणून लिहितो. मोटार वाहन कायद्याचं कलम 186 आहे. आपल्याला असा आजार किंवा अपंगत्व आहे की त्यामुळे आपलं वाहन चालवणं लोकांना धोक्याचं ठरेल, हे माहीत असूनही सार्वजनिक ठिकाणी चालवलं तर दंड. 2019 च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी 1000 रुपये, पुढे 2000. हात झोळीत घालून गाडी चालवणारे मी रोज पाहतो. यातले निम्मे माझे माजी विद्यार्थी आहेत आणि मला पाहून दुसऱ्या हातानं नमस्कारही करतात. म्हणजे त्या क्षणी हँडलवर कोण असतं हे विचारू नका.

बैताड_पोट्टा | मंगळवार, रात्री 8:58

गुरुजी, पांदणीत कोनता पोलीस येते? तिथं तं एसटी बी नाई येत.

एसटी_प्रेमी | मंगळवार, रात्री 9:30

एसटीचं नाव निघालं म्हणून. दारव्ह्यापर्यंतचा प्रवास असता तर मी लालपरीच सांगितली असती. वहिनींना 2023 पासून अर्धं तिकीट, 75 च्या वरच्यांना फुकट. एकेकाळी तर मूर्तिजापूर-यवतमाळ शकुंतला रेल्वे दारव्ह्यावरून जायची, एवढी सावकाश की कॉलर बोन मोडलेला माणूस धावत्या गाडीत चढला असता. पण वावरात ना एसटी जाते ना शकुंतला जायची, त्यामुळे माझा सल्ला कामाचा नाही. आठवण आली म्हणून लिहिलं.

तिवसेकर | मंगळवार, रात्री 9:44

एक पर्याय कोणीच बोललं नाही: एक्सएल मोपेड. क्लच नाही, गिअर नाही, वजन स्प्लेंडरपेक्षा कमी, पाय दोन्हीकडे टेकतात. दूधवाले, भाजीवाले उगाच वापरत नाहीत.

हाडाची_ताई | मंगळवार, रात्री 10:02

काका, क्लच गेला म्हणून ब्रेक जात नाही. रोही एक्सएल पाहून थांबत नाही. स्कूटीलाही तेच, शिवाय तिचा डावा ब्रेक नेमका त्याच हाताला. मोपेड हलकी आहे हे खरं, पुढे डॉक्टर हो म्हणाले की सुरुवातीला तीच बरी. आज नाही.

मागे बसून जाण्याबद्दलही सांगते, कारण पुढचा प्रश्न तोच येणार. डांबरीवर मागे बसून हरकत नाही, उजव्या हातानं धरून. पांदणीला उतरून चाला. 2 किलोमीटर चाललात तर तुमचं काहीच बिघडत नाही, पाय शाबूत आहेत.

मेहकरची_माहेरवाशीण | मंगळवार, रात्री 10:15

एक्सएल चांगली आहे की. वहिनींना.

माझं सांगते. लग्नानंतर अकरा वर्षं "गरज पडली नाही" हेच ऐकलं. सासऱ्यांना अर्धांगवायूचा झटका आला त्या रात्री घरात दोन गाड्या होत्या आणि चालवणारं कोणी नव्हतं, हे दोघे भाऊ लग्नाला गेलेले. शेजारचं दार वाजवलं, त्यात वेळ गेला. सासरे वाचले, पण उजवा हात गेला तो गेला. पुढच्या महिन्यात मी जिल्हा परिषदेच्या शाळेच्या मैदानात एक्सएल शिकले. तीन संध्याकाळ लागल्या. चौथ्या दिवशी पोरांनी टाळ्या वाजवल्या, पाचव्या दिवशी चक्की. लायसन्स काढलं, दळणाचा डबा पायाशी ठेवून आता मेहकरच्या बाजारात जाते.

पऱ्हाटी_पाटील | मंगळवार, रात्री 10:40

याला माझा पाठिंबा. भावाच्या वेळी वहिनीला गाडी येत असती तर मी एवढा आदळआपट केला नसता.

धुऱ्यावरचा | गुरुवार, रात्री 8:20

राजेहो, दोन दिवस गायब होतो. सगळं सांगतो, खोटं कशाला बोलू.

मंगळवारी रात्री ताईची परीक्षा दिली. भिंतीवरचे दंड, आठव्याला कळ आली. डबा, अर्ध्या अंगणापर्यंत. गाडी स्टँडवर चढवायची तिसरी परीक्षा दिलीच नाही, दोन पेपरात नापास झाल्यावर तिसऱ्याला कोण बसतं.

तरी बुधवारी सकाळी गाडी काढली. मजूर येऊन बसले होते, शेजारी गावाला गेलेला, बायको डबे बांधून उभी. म्हटलं डांबरीपर्यंतच जातो, पुढं चालत. हेल्मेट घातलं, हे लिहून ठेवा. किक उजव्या पायानं, क्लच मऊ, पहिला, दुसरा, तिसरा गिअर. सगळं झकास. मनात म्हटलं हे लोक उगाच घाबरवतात.

पानटपरीच्या वळणावर कोणाचं तरी वासरू रस्त्यात. रोही नाही, रानडुक्कर नाही, एवढंसं वासरू, तेही उभं. वेग पंधरा-वीस. ब्रेक मारला. ताई म्हणाली तसाच जोर तळव्यातून वर चढला आणि खांद्यात असा भाला घुसला की डाव्या हातानं हँडल आपोआप सोडलं. पडलो नाही. पाय टेकले. वासरू बघत होतं.

गाडी टपरीवर लावली आणि पांदणीपर्यंत चालत गेलो. टपरीवाल्यानं खर्रा पुढं केला. घेतला नाही. (एकदाच घेतला नाही, ताई, फार खूश होऊ नका.)

आज यवतमाळला जाऊन परत फोटो काढला. यावेळी नेमकं विचारलं, अचानक ब्रेक मारावा लागला तर? डॉक्टर थांबले, फोटो परत पाहिला, म्हणाले, "मग नाही. अजून चार आठवडे नाही, त्यानंतर फोटो पाहून सांगतो." हाड सरकलेलं नाही, एवढं नशीब.

पऱ्हाटी_पाटील | गुरुवार, रात्री 8:31

तुमच्या नशिबाला वासरू आलं. आमच्या भावाला रोही आला होता.

तिवसेकर | गुरुवार, रात्री 8:45

माझा सल्ला मागे घेतो. खरं सांगायचं तर मी चौथ्या आठवड्यात काढली तेव्हा शाळेत नोकरीला होतो, डांबरी रस्ता, दीड किलोमीटर. आणि माझा उजवा खांदा आजही डाव्यापेक्षा खाली आहे. शर्ट एका बाजूला लोंबतो. शिंपी विचारतो.

वावरवाला_आर्णी | गुरुवार, रात्री 9:02

मग सोयाबीनचं काय केलं भाऊ?

धुऱ्यावरचा | गुरुवार, रात्री 9:25

तुमच्यासारखंच. पुतण्या सकाळी मला डांबरीच्या टोकाला सोडतो, तिथून चालत जातो, धुऱ्यावर बसतो आणि ओरडतो. शनिवारी थ्रेशर येईल. परतताना अंधाराच्या आधी निघतो.

आणि @मेहकरची_माहेरवाशीण, तुमचा धागा हिला वाचून दाखवला. मला वाटलं हसेल. ती म्हणाली, "मला तर दहावीपासून येते, मामाची लुना चालवायची. तुम्ही कधी विचारलंच नाही." सतरा वर्षं झाली लग्नाला. साळ्याची एक्सएल रविवारी येते आहे.

मेहकरची_माहेरवाशीण | गुरुवार, रात्री 9:28

🙏🙏🙏 वहिनींना इथं खातं काढून द्या.

बैताड_पोट्टा | गुरुवार, रात्री 9:33

म्हंजे भाऊ आता मांगं बसनार. हेल्मेट घालजा, वहिनी ब्रेक जोरात मारते का पाहा.

गुरुजी_नेरपिंगळाई | गुरुवार, रात्री 9:50

वहिनींचं लायसन्स काढून घ्या, लुनाच्या काळातलं असेल तर मुदत पाहा.

वावरवाला_आर्णी | गुरुवार, रात्री 10:04

सारं झालं तं एक सांगतो, धाग्याच्या बाहेरचं हाय. थ्रेशरमधून काढलं की दोन दिवस उन्हात पसरवा, ओलावा 12 टक्क्याच्या वर गेला तं केंद्रावर परत पाठवते. 2025-26 चा हमीभाव 5328 हाय कागदावर. तुमच्याकडं व्यापारी काय देऊन राह्यला?

धुऱ्यावरचा | गुरुवार, रात्री 10:11

ते विचारू नका भाऊ, खांद्यापेक्षा जास्त दुखते.